अकबरी नदाफचं नाक

सोलापुरात विजापूर वेशीतल्या त्या बोळात शिरलं की आधी पिंजणीचा आवाज यायचा. तणंग, तणंग, तणंग. आणि त्या आवाजाच्या मधेमधे, ताल चुकल्यासारख्या, शिंका. एक आली की तिच्या शेपटाला धरून दुसरी, दुसरीमागून तिसरी. नव्या माणसाला वाटायचं, आत दोघंजण आहेत. एक कापूस पिंजतंय आणि दुसरं पडशानं बेजार झालंय. पण आत एकटी अकबरीच असायची.

कापूस पिंजणाऱ्या नदाफांच्या घरात पिंजण पुरुषाच्या हाती आणि सुई बाईच्या हाती, अशी जुनी रीत. अकबरी लग्न होऊन आली तेव्हा तीही गाद्यांना टाके घालायलाच बसली. पण शहरात कापूस पिंजायची यंत्रं आली, तसा तिच्या नवऱ्याचा, मौलालीचा, जीव त्या धंद्यातून उडाला. तो लॉरीवर गेला. सोलापुरी चादरींचे गठ्ठे घेऊन मुंबईला जायचं, तिकडून मिळेल तो माल घेऊन यायचं. पिंजण घरात खुंटीला टांगून राहिली. तेव्हा सासू बिबीजान एक दिवस म्हणाली, "यंत्रातनं निघालेला कापूस म्हंजे भुगा नुसता. हातच्या पिंजणीची गादी मागणारी माणसं अजून हायती की गं. तू धर. मी दाखवते." बिबीजाननं तरुणपणी, नवरा आजारी असताना, दार लावून घेऊन पिंजण चालवली होती. अकबरीनं दार उघडं ठेवून चालवली. चार दिवस लोक बोलले, मग गाद्या भरून घ्यायला आले.

हात बसला, नाव झालं, आणि नाक गेलं.

पहिली एकदोन वर्षं नुसतं सकाळचं नाक वाहायचं. मग डोळे खाजायला लागले. मग टाळूच्या आत, जिथं बोट पोचत नाही तिथं खाज. जुन्या गादीची शिवण उसवून आतला कापूस बाहेर काढला, की त्या धुळीत शिंकांची झड लागायची. रात्री दोन्ही नाकपुड्या चोंदून जायच्या आणि तोंडानं श्वास घेऊन सकाळी जीभ कातड्यासारखी व्हायची. जेवणाची चव गेली. मटणात मीठ आहे की नाही हे तिला सासूला विचारावं लागायचं. बिबीजाननं ओव्याची धुरी दिली, हळद घालून दूध दिलं, नाकात कोमट तेल सोडलं. शिंकांवर कशाचाच उतारा पडला नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात लग्नसराई ऐन भरात होती. गुरम्मा म्हणून अकबरीचं जुनं गिऱ्हाईक. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात द्यायच्या गाद्या-उशा अकबरीनंच करायच्या, असं गुरम्मानं आधीच सांगून ठेवलं होतं. एके दिवशी दुपारी ती मुलाकडच्या मायाक्काला घेऊन आली. मायाक्का म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या, मोठं कुंकू, मोठा आवाज. गादीचं कापड पसंत झालं. लांबी-रुंदी ठरली. मायाक्का म्हणाली, "बरं, मग हीच नवरा-नवरीची गादी. देवाचं नाव घे आणि हात घाल कामाला."

अकबरीनं कापड मापायला हात उचलला आणि सटकन शिंकली. थांबवायला गेली तशी आणखी आली. पदर तोंडाला लावला, पदरात शिंकली. चांगली सहा-सात वेळा.

मायाक्का उठून उभी राहिली. "आगं बाई, पहिल्याच कामाला शिंक! नवरीच्या गादीवर!"

"मायाक्का, तिला धुळीचा त्रास हाय," गुरम्मा गडबडून म्हणाली. "अपशकुनाची शिंक न्हाय ती."

"शिंक ती शिंक. चल, यंत्रावर भरून घेऊ."

गुरम्मा दारातून मागं वळून वळून बघत गेली. पोरीचा मामला होता. ती तरी काय करणार. अकबरी कापड घडी घालत राहिली. शिंका तोवर थांबल्या होत्या. गिऱ्हाईक बोळाबाहेर गेल्यावर थांबल्या, याचा तिला फार राग आला.

त्याच आठवड्यात तिनं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून नाकात टाकायचे थेंब आणले. दुकानदारानं सांगितलं, "दोन थेंब टाका, नाक मोकळं." आणि खरंच, दोन थेंब टाकले आणि घटकेत नाक असं उघडलं की तिला रडू आलं. कित्येक महिन्यांत प्रथमच तिनं तोंड मिटून श्वास घेतला. बिबीजानला म्हणाली, "अम्मा, जादू हाय ही."

जादू आधी दिवसभर पुरली, मग अर्धा दिवस, मग तासभर. थेंबांची बाटली कमरेच्या पिशवीत आली. पिंजणीला हात लावायच्या आधी थेंब, जेवायच्या आधी थेंब, झोपायच्या आधी थेंब. बाटली संपली आणि दुकान बंद असलं, तर ती बोळात येरझाऱ्या घालायची. पावसाळा तोंडावर आला तोवर थेंबांनीही नाक उघडेना. वर शिंका होत्या तशाच होत्या.

मौलाली खेपेवरून आला, त्यानं बायकोचं सुजलेलं तोंड बघितलं आणि जेवता जेवता म्हणाला, "बास झालं आता. पिंजण विकून टाकू. बांगड्याचं दुकान घालून देतो तुला."

"बांगड्या मला भरता येत न्हाईत."

"येतील की."

"पिंजण येते की मला," अकबरी म्हणाली. "येतं ते सोडायचं आणि येत न्हाय ते शिकायचं, हे कुठलं शहाणपण? नाकाला दवा असंल. धंदा का म्हणून मारायचा?"

"दवा तर टाकतीच की दिवसभर."

 तिनं ताट सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बुरखा घालून एकटी सात रस्त्याला गेली. तिथं वरच्या मजल्यावर नाक-कान-घशाचे डॉक्टर हत्तुरे बसत. अकबरी आजवर डॉक्टरकडं गेली होती ती बाळंतपणाला, आणि तेही सासूला सोबत घेऊन.

डॉक्टर हत्तुरे पन्नाशीचे, कपाळाला भस्माची पुसट रेघ, बोलणं संथ. कपाळावरच्या आरशातून उजेड पाडून त्यांनी तिच्या नाकात बराच वेळ पाहिलं.

"काय काम करता?"

"कापूस पिंजते."

"तुम्ही स्वतः?"

"व्हय. का?"

"विचारलं," डॉक्टर म्हणाले. "नाकात काय टाकता?"

तिनं कमरेची पिशवी सोडून बाटली पुढं ठेवली. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि मान हलवली.

"बाई, तुम्हाला दोन दुखणी आहेत. पहिलं धुळीचं वावडं. त्याला आम्ही ॲलर्जी म्हणतो. दुसरं दुखणं ह्या बाटलीनं दिलंय. हे थेंब सूज तेवढ्यापुरती दाबतात. अंमल उतरला की सूज पहिल्यापेक्षा जास्त चढते, तुम्ही परत थेंब टाकता. चाललंय चक्र. हे आधी बंद करायचं."

"बंद केले तर श्वास कसा घेऊ?"

"काही दिवस तोंडानं. त्रास होणार, खोटं सांगत नाही."

मग त्यांनी नव्या औषधाचं सांगितलं. नाकात मारायचा फवारा. परदेशातून येतो, सोलापुरात मिळत नाही, मुंबईत एखाद्या मोठ्या दुकानात मिळाला तर मिळेल. त्यात स्टेरॉइड नावाचं औषध असतं. त्या नावाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर अंगाला बाधतात. फवाऱ्यातून मात्र अगदी थोडं औषध, आणि तेही नाकापुरतंच जातं. "पण एक ऐकून ठेवा. ह्यानं लगेच काही होणार नाही. मारला आणि नाक उघडलं, असं होत नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी, नाक बरं असो नाहीतर वाईट, मारत राहायचं. आठवडा जाईल, दोन जातील, मग गुण दिसेल. लोक चार दिवसांत कंटाळतात आणि औषध खोटं म्हणतात."

"आणि धंदा?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत म्हणाले, "सोडलात तर उत्तमच. पण सोडायला आला नाहीत ना तुम्ही?"

"न्हाय."

"मग पिंजताना नाका-तोंडावर ओलं फडकं बांधायचं. जुन्या गाद्या घरात उसवायच्या नाहीत, बाहेर उघड्यावर. वाऱ्याकडं पाठ करून. हे सगळं केलं, तर फवारा त्याचं काम करील."

चिठ्ठी घेऊन मौलाली मुंबईला गेला. तिथं बरीच दुकानं हिंडला आणि परतला तेव्हा चादरीच्या घडीत गुंडाळून दोन फवारे आणले. बोटाएवढा पत्र्याचा डबा, त्यावर नाकात धरायची नळी. बिबीजाननं तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "एवढ्याशानं काय हुणार?"

"बघू की," अकबरी म्हणाली. आणि थेंबांची बाटली सासूच्या हातात देऊन म्हणाली, "अम्मा, ही तुमच्या पेटीत ठिवा. मी मागितली तरी द्यायची न्हाय. पाया पडले तरी द्यायची न्हाय."

ते दिवस तिला पुढं कधी नीट सांगता आले नाहीत. नाक भिंत बांधल्यागत बंद. डोकं जड, कान दडपलेले, घास गिळताना गुदमरायला व्हायचं. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. सकाळ-संध्याकाळ फवारा मारायची, आणि तो कुठं जातो कुणास ठाऊक. पिंजण खुंटीवर होती. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायची, "थोडं थांबा, करून देते." काही थांबले, काही थांबले नाहीत.

एका दुपारी ती चुलीपुढं बसली होती. भाकरी थापता थापता हात थांबला आणि ती तशीच, पीठभरल्या हातांनी, गुडघ्यात डोकं घालून बसली. बिबीजाननं ते पाहिलं. मग म्हातारी उठली, पेटी उघडली आणि बाटली घेऊन आली.

"घे गं. दोनच थेंब. मला बघवंना झालंय."

अकबरीनं वर पाहिलं. बाटली हाताच्या अंतरावर होती. घटकाभराचा श्वास त्या बाटलीत होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाकच नव्हे, सगळं अंग तिकडं ओढ घेत होतं.

"मी मागितली का?"

"न्हाय मागितलीस. मीच देते."

"मग तुमीच टाका ती गटारात," अकबरी म्हणाली. "माझ्या हातनं हुणार न्हाय. हातात घेतली तर नाकात जाईल."

 बिबीजान दाराबाहेर गेली, तिनं टोपण काढलं आणि बाटली उपडी केली. आत येऊन ती सुनेच्या शेजारी बसली आणि उरलेल्या भाकरी तिनं थापल्या.

नाक हळूहळू सैल होऊ लागलं. आधी एक नाकपुडी, मग कुशी बदलली की दुसरी. पण एके सकाळी फवारा मारला आणि घोळणा फुटला. पदरावर रक्त पाहून बिबीजान घाबरली. "नक्को हे औषध! नाक सडवंल!" अकबरीही मनातून हादरली; पण औषध बंद करायच्या आधी तिनं सात रस्ता गाठला.

डॉक्टरांनी तिला समोर फवारा मारून दाखवायला सांगितलं. तिनं मान मागं टाकली, नळी सरळ आत घातली.

"थांबा, थांबा. तुम्ही नाकाच्या मधल्या पडद्यावर मारताय. तो पडदा नाजूक असतो, रक्त येणारच. आधी डबा हलवा. मान जरा पुढं वाकवा. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत. म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडं होतं. आणि जोरानं हुंगायचं नाही, नाहीतर सगळं घशात उतरतं."

तिनं पुन्हा करून दाखवलं. हात बदलताना गोंधळली, हसली, पुन्हा केलं. "आता बरोबर," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवस रक्त पूर्ण थांबू द्या, मग असंच मारा."

गुण आला तो तिला कळलाच नाही, बिबीजानला कळला. अकबरीनं पिंजण पुन्हा उतरवली होती. नाकातोंडावर ओलं फडकं बांधून, अंगणात, वारा पाठीवर घेऊन ती पिंजत होती. म्हातारी सावलीत उशांना टाके घालत बसली होती. ऊन अंगणाच्या मधोमध आलं, तशी बिबीजान सुई थांबवून म्हणाली, "अगं, आज शिंकली न्हाईस तू."

पिंजणीच्या तातेवर, त्या ताणलेल्या दोरीवर, मारायचा ठोकळा अकबरीच्या हातात तसाच राहिला. ती आठवायला लागली. सकाळी उठल्यावर एकदा. मग नाही. तिनं घाईघाईनं तोंडावरचं फडकं सोडलं, तोंड मिटलं आणि नाकानं श्वास ओढला. आत गेला, अडखळला नाही. आणि श्वासाबरोबर शेजारच्या घरातली फोडणी आली, लसणाची. किती दिवसांनी! "लसूण करपवला त्यांनी," ती म्हणाली आणि दोघी सासवासुना खदखदून हसल्या.

बरं वाटायला लागलं की माणूस औषध विसरतं. श्रावणाच्या सुमाराला रमजान लागला. रोजा असताना नाकात औषध मारायचं की नाही, असा प्रश्न आला आणि बिबीजाननं तो आपल्या परीनं सोडवला. "आता तू बरी झालीस की. महिनाभर बंद ठेव. अल्ला बघून घेईल." अकबरीलाही ते पटलं. नाक मोकळं होतं, शिंका नव्हत्या, मग फवारा कशाला? तिनं डबा फडताळात ठेवला.

रमजानचा पहिला आठवडा सरायच्या आत टाळूची खाज परत आली. मग डोळे. एका सकाळी पिंजणीपुढं बसली आणि जुनी झड पुन्हा लागली. रोज्याच्या कोरड्या घशानं शिंकून शिंकून बरगड्या दुखल्या. बिबीजान म्हणाली, "सबुरी ठेव." अकबरी म्हणाली, "सबुरीच करते, अम्मा. पण विचारून करते."

ती जवळच्या मशिदीतल्या मौलवींच्या घरी गेली. त्यांची बीबी दारात आली. अकबरीनं तिच्यामार्फत सवाल आत पाठवला. मौलवी म्हातारे होते. पडद्यामागूनच त्यांनी उलट विचारलं, "औषध दिवसात किती वेळा घ्यायचं?"

"सकाळी आणि संध्याकाळी."

"मग अडचण कुठं आहे, बेटी? रोज्यात नाकातून औषध आत गेलं तर रोजा राहत नाही, असं आम्ही मानतो. पण पहाटे सेहरी संपायच्या आधी घ्या आणि इफ्तार झाल्यावर घ्या. तब्येत सांभाळणं हीसुद्धा जबाबदारीच आहे."

तिथून ती तशीच सात रस्त्याला गेली आणि डॉक्टरांना तेच सांगून विचारलं, दोन वेळांतलं अंतर एवढं लांबवलं तर चालंल का. डॉक्टर म्हणाले, "चालेल. रोज मारा म्हणजे झालं. मधेच सोडू नका. तुमचं वावडं कुठं गेलेलं नाही, आपण त्याला फक्त आवरून धरलंय."

हे तिला नीट समजलं. सेहरीचा शेवटचा खजूर खाऊन, पाणी पिऊन, ती खिडकीपाशी उभी राहायची. डबा हलवायचा, मान पुढं, उजव्या हातानं डाव्या बाजूला, डाव्यानं उजव्या. मग अजान. संध्याकाळी इफ्तारचं सरबत पोटात गेलं की परत तेच. नाक पुन्हा ताळ्यावर यायला ईद उजाडली. शिरखुर्म्याचं पातेलं चुलीवरून उतरवताना तिनं वाकून वास घेतला आणि कुणाला न विचारता त्यात आणखी वेलदोडा टाकला.

दिवाळीपूर्वीचा हंगाम सुरू झाला. बसप्पा नावाचा कापसाचा व्यापारी तिला दरसाल माल द्यायचा. त्यानं कापसाची बांधलेली गाठ सोडून समोर टाकली. कापूस पांढराशुभ्र होता, डोळ्यांना खोट काढता आली नसती. अकबरीनं मूठभर उचलून नाकाशी नेला.

"बसप्पाअण्णा, ही गाठ पावसात भिजलीय."

"छे! कोरडी ठणठणीत हाय की."

"वरनं कोरडी हाय. आतनं कुबट वास मारतोय. बघा की हुंगून."

बसप्पानं हुंगलं, परत हुंगलं आणि हमालाला हाक मारून दुसरी गाठ काढायला सांगितली. "तुमाला कदी वास येत न्हवता ना, भाभी?"

"न्हवता. आता येतो."

तेवढंच बोलून ती दुसऱ्या गाठीकडं वळली.

शिंका तिच्या आयुष्यातून पार गेल्या नाहीत. कोरडा वारा सुटला, वर्षानुवर्षं न उसवलेली गादी समोर आली, की एखादी यायचीच. गिऱ्हाईक दचकायचं. अकबरी नाक पुसून सरळ म्हणायची, "धूळ हाय ती. माप सांगा." गिऱ्हाईक माप सांगायचं. एखादं सांगायचं नाही आणि निघून जायचं. त्याला तिनं कधी मागून हाक मारली नाही.

मुंबईच्या दर खेपेला मौलाली त्या दुकानात जायचा. कधी फवारा मिळायचा, कधी नाही. म्हणून एक डबा फोडला की दुसरा आणायला सांगायचा, हे तिनं ठरवून टाकलं. पावसाळ्यात हवेतली धूळ बसली की डॉक्टर मात्रा कमी करायचे, हंगामात वाढवायचे. बांगड्यांच्या दुकानाचं नाव मौलालीनं परत काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बोळातल्या दोघी बायका तिच्याकडं पिंजण शिकायला आल्या. एकीचा नवरा गिरणीत होता आणि घर भागत नव्हतं, दुसरी विधवा. पहिल्या दिवशी त्या पिंजणीला हात घालायला गेल्या, तशी अकबरीनं त्यांना मागं सारलं. बादलीत बुडवून दोन फडकी पिळली, एकेकीच्या नाकातोंडावर घट्ट बांधली, मागं गाठ मारली.

"जीव घुसमटतोय, भाभी," विधवा म्हणाली.

"घुसमटू दे. दोन दिवसांत सवय हुती," अकबरी म्हणाली. स्वतःचं फडकं बांधलं, अंगणात वाऱ्याला पाठ करून बसली आणि तिनं तातेवर पहिला ठोका दिला.